‘पॅनल गेलं’ म्हणण्याआधी

टीव्हीचं चित्र बिघडलं की घरोघरी एकच निदान होतं: ‘पॅनल गेलं.’ बघायला आलेला शेजारी तेच म्हणतो आणि काही दुकानदार तर सेट न उघडता फोनवरच तसं सांगून मोकळे होतात. पॅनलची किंमत नव्या टीव्हीच्या आसपास जाते. त्यामुळे पुढचं बोलणं दुरुस्तीचं न राहता नव्या सेटच्या हप्त्यांचं होतं आणि आणखी काही वर्षं सहज चालला असता असा टीव्ही भंगारात जातो. हे मला फार खटकतं. चित्रातल्या अनेक दोषांचा पॅनलशी काही संबंध नसतो आणि दोष कुठे आहे याचा बराचसा अंदाज टीव्ही न उघडताच बांधता येतो.

त्यासाठी आधी एक मूळ गैरसमज दूर करायला हवा. ‘आमचा एलसीडी नाही, एलईडी आहे,’ असं लोक अभिमानाने सांगतात. बाजारात एलईडी म्हणून विकले जाणारे जवळपास सगळे टीव्ही एलसीडीच असतात. चित्र तयार करणारी काच, म्हणजे पॅनल, स्वतः प्रकाश देत नाही. मागून आलेला प्रकाश कुठे किती सोडायचा आणि कुठे अडवायचा, एवढंच ती ठरवते. प्रकाश येतो मागच्या बॅकलाइटमधून. पूर्वी तिथे बारीक ट्यूब असायच्या, आता एलईडीच्या पट्ट्या असतात. फरक एवढाच. प्लाझ्मा टीव्ही मात्र खरोखर वेगळे होते, पण 2014च्या सुमारास मोठ्या कंपन्यांनी ते बनवणं थांबवलं. आज वेगळा म्हणावा असा प्रकार म्हणजे ओएलईडी. त्यात प्रत्येक बिंदू स्वतः उजळतो, बॅकलाइट नसतोच.

म्हणजे साध्या टीव्हीत चार जागा झाल्या: बाहेरून चित्र आणणारा सेट टॉप बॉक्स आणि त्याची वायर, आतले बोर्ड, बॅकलाइट आणि पॅनल. यातली शेवटची जागा सर्वांत महाग. बाकीच्या तिन्हींचा खर्च बहुतेक वेळा आवाक्यातला असतो.

‘आवाज येतो, पडदा काळा, पॅनलच गेलं’

सर्वांत जास्त सेट ज्यामुळे हकनाक टाकले जातात, तो हा गैरसमज. आवाज येतोय, रिमोटने चॅनल बदलतोय, पण पडदा काळा, अशी तक्रार असेल तर पहिला संशय बॅकलाइटवर घ्यावा. खोलीत अंधार करा, टीव्ही चालू ठेवा आणि मोबाइलचा टॉर्च पडद्याच्या अगदी जवळ, थोडा तिरका धरा. त्या उजेडात चॅनलचं चित्र किंवा मेनूची अक्षरं पुसटशी हलताना दिसली, तर पॅनल काम करतंय. चित्र तयार होतंय, फक्त मागचा दिवा विझलाय. (ओएलईडीला ही चाचणी लागू नाही.) त्याआधी सेटिंगमध्ये ‘फक्त आवाज’ असा पर्याय चुकून चालू झालेला नाही ना, हेही बघून घ्यावं. गाणी ऐकण्यासाठी काही टीव्हींत तो दिलेला असतो.

टीव्ही लावल्यावर चित्र एक-दोन सेकंद झळकतं आणि लगेच अंधार होतो, ही त्याच दोषाची दुसरी खूण. पट्टीवरचे एलईडी एकामागून एक जोडलेले असतात. दिवाळीच्या जुन्या माळेत एक दिवा गेला की सगळी माळ विझायची, तसंच इथे होतं. त्यातच काही गडबड जाणवली की बोर्डावरचं संरक्षण पूर्ण बॅकलाइट बंद करतं. म्हणजे संपूर्ण पडदा काळा व्हायला अगदी छोटा, स्वस्त एलईडी पुरतो.

पट्ट्या बदलून मिळतात. मुंबईतला लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तपकीर गल्ली, सर्वसाधारण मॉडेलच्या पट्ट्या मिळणं अवघड नाही. एकच गेलेला एलईडी बदलून देणारे कारागीर आहेत, पण बाकीचेही तेवढीच वर्षं तापलेले असतात आणि थोड्याच दिवसांत दुसरा जातो. पूर्ण संच बदलणंच शहाणपणाचं. या कामात खरी जोखीम पट्टीची नसून काचेची असते. बॅकलाइटपर्यंत पोचायला आधी पॅनल उचलून बाजूला ठेवावं लागतं आणि मोठ्या सेटचं पॅनल तर एकट्या माणसाने उचलूच नये. काम देण्याआधी दोन प्रश्न स्पष्ट विचारावेत: पॅनल कोण आणि कसं उचलणार, आणि ते तडकलं तर भरपाई कुणाची? चांगला कारागीर या प्रश्नाने दुखावत नाही.

बॅकलाइटचे आणखी दोन दोष पॅनलच्या माथी मारले जातात. पडद्यावर मधूनच पांढरे, गोल, प्रखर ठिपके दिसू लागतात तेव्हा बहुधा एलईडीवर चिकटवलेलं प्लास्टिकचं छोटं भिंग गळून पडलेलं असतं. आणि सगळं चित्र निळसर-जांभळं दिसायला लागलं, तर एलईडीवरचा फॉस्फरचा थर खराब झालेला असू शकतो.

हे सगळं इतक्या लवकर का होतं? मुख्य कारण उष्णता. टीव्ही दुकानात झगमगावा म्हणून ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ मोडमध्ये ठेवलेला असतो, घरी आल्यावरही तो तसाच राहतो आणि बॅकलाइट वर्षानुवर्षं पूर्ण ताकदीने जळतो. सेटिंगमध्ये जाऊन बॅकलाइट साठ-सत्तरवर आणला तर संध्याकाळच्या खोलीत चित्र उलट अधिक सुखावह दिसतं आणि पट्ट्यांचं आयुष्यही वाढतं. इथे एक लक्षात ठेवावं: ‘ब्राइटनेस’ आणि ‘बॅकलाइट’ हे अनेक टीव्हींत वेगळे पर्याय असतात आणि कमी करायचा तो बॅकलाइट. केलेली सेटिंग काही मिनिटांत आपोआप पूर्ववत होत असेल तर सेट दुकानासाठीच्या मोडमध्ये राहिलाय. तो ‘होम’ मोडमध्ये आणावा.

रेषा आल्या की

रेषांच्या बाबतीत पॅनलवरचा संशय बऱ्याचदा खरा ठरतो, तरी आधी टीव्हीचा स्वतःचा मेनू उघडून बघावा. मेनू स्वच्छ दिसतोय आणि रेषा फक्त चॅनलच्या चित्रात आहेत, तर दोष बाहेरचा: सेट टॉप बॉक्स, एचडीएमआय वायर किंवा ते पोर्ट. वायर बदला, दुसऱ्या पोर्टला लावा. मेनूवरूनही रेषा जात असतील तर दोष टीव्हीच्या आत आहे. तरीही तो पॅनलचाच असेल असं नाही. मेन बोर्ड आणि पॅनल यांच्यामध्ये टी-कॉन नावाचा छोटा बोर्ड असतो. अर्धा पडदा गायब होणं, रंग फोटोच्या निगेटिव्हसारखे उलटे दिसणं किंवा पडद्यावर उजेड आहे पण चित्रच नाही, अशी लक्षणं तो बिघडल्यावरही दिसतात. कधी त्याची चपटी रिबन काढून साफ करून पुन्हा बसवण्यानेही काम भागतं.

वरपासून खालपर्यंत एकच बारीक उभी रेष कायम असेल तर ती बहुधा पॅनलच्या कडेला चिकटवलेल्या पातळ फिल्मची असते. याच फिल्मवरून प्रत्येक उभ्या ओळीला संकेत जातात. तिची पकड सुटली की तेवढी ओळ मरते. त्या जागी बोटाने दाबलं की रेष जाते, म्हणून काही लोक फ्रेममध्ये कागदाची घडी सारून ठेवतात. काचेवर सतत दाब ठेवणारा हा उपाय टाळावा. बॉन्डिंग मशीनवर ही फिल्म नव्याने चिकटवता येते, पण त्या कामाची सोय मोजक्याच ठिकाणी असते आणि ते टिकेलच अशी खात्री प्रामाणिक माणूस देत नाही.

या फिल्मचा घात करणारी गोष्ट बरेचदा आपल्याच हातात असते: साफसफाईचा स्प्रे. फ्लॅट टीव्हीचा पडदा ही खिडकीची काच आहे, हा समज चुकीचा. वरचा थर प्लास्टिकच्या पोलरायझर फिल्मचा आणि त्यावरच्या नाजूक लेपाचा असतो. काच पुसण्याच्या द्रवाने लेप जातो आणि वर्तमानपत्राने ओरखडे येतात. त्याहून वाईट म्हणजे पडद्यावर फवारलेला द्रव ओघळून खालच्या फ्रेममध्ये शिरतो. अनेक सेटमध्ये नेमकी तिथेच ती फिल्म आणि तिच्या चिप असतात. पुसून आठवडाभरात खालून उभ्या रेषा उगवल्या तर कारण शोधायला दूर जायला नको. टीव्ही बंद करून कोरड्या मायक्रोफायबर कापडाने हलकेच पुसणं पुरतं. डाग असेलच तर कापड पाण्याने किंचित ओलसर करा, पडदा नाही.

थाप मारण्याची सवयही आता सोडायला हवी. जुन्या पिक्चर ट्यूबच्या सेटमध्ये सुटलेला सोल्डर थापेने क्षणभर जुळायचा, म्हणून ती खोड पडली. आजच्या पडद्याची काच इतकी पातळ असते की थापेने आहे तेही जातं. आणि पडद्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखी तडक किंवा शाई सांडल्यासारखा काळा डाग पसरला असेल, तर मात्र खरोखर पॅनल गेलंय. वॉरंटीत असं फुटणं बसत नाही.

‘फोर-के घेतला, तरी चित्र धुरकट’

ही तक्रार घेऊन लोक नवा टीव्ही परत करायला निघतात. थोडं गणित करू. साध्या एसडी चॅनलच्या चित्रात 720 गुणिले 576, म्हणजे जेमतेम चार लाख पंधरा हजार बिंदू असतात. फोर-के पडद्यावर 3840 गुणिले 2160, म्हणजे सुमारे 83 लाख. आलेला प्रत्येक बिंदू टीव्हीला वीस जागांवर ताणून भरावा लागतो. लहान पडद्यावर जे खपून जायचं ते 55 इंचांवर उघडं पडतं. दोष टीव्हीचा नाही, चॅनलचा आहे.

आणखी एक गोष्ट मला अनेक घरांत दिसली आहे: एचडीचे पैसे दरमहा भरले जातात, बॉक्सही एचडीचा असतो, पण तो टीव्हीला जोडलेला असतो जुन्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरने. पिवळ्या वायरमधून एचडी चित्र येऊच शकत नाही. एचडीएमआय वायर लावा. ‘चित्र खराब’ ही तक्रार किती वेळा एवढ्यावर मिटते, याचं खरोखर नवल वाटतं.

पावसाळ्यात चित्राचे चौकोन-चौकोन होऊन ते गोठतं, तेव्हाही टीव्ही निर्दोष असतो. घरावरच्या छोट्या डिशकडे येणाऱ्या उपग्रहाच्या लहरी मुसळधार पावसात क्षीण होतात. पाऊस ओसरल्यावरही तसंच राहिलं तर डिश हललेली किंवा वायरच्या जोडात पाणी गेलेलं असतं.

बाजूला बसल्यावर रंग फिके दिसणं हा अनेक पॅनलचा जातीचा गुण आहे, बिघाड नाही. अंधाऱ्या दृश्यात कोपऱ्यांतून थोडा उजेड झिरपणंही तसंच. चित्रपट मालिकेसारखा गुळगुळीत दिसत असेल तर हालचाल सुलभ करणारी सेटिंग बंद करा. सेकंदाला 24 चौकटींचा सिनेमा मग सिनेमासारखा दिसेल.

वीज, स्टॅबिलायझर आणि मेन स्विच

‘स्टॅबिलायझर नसेल तर वॉरंटी काय कामाची,’ असं सांगून टीव्हीबरोबर तो विकला जातो. सेटच्या मागचं स्टिकर वाचा. त्यावर 100 ते 240 व्होल्ट असं लिहिलेलं असेल, तर कमी दाबाची चिंता टीव्ही स्वतः वाहतो. खरा धोका जास्त दाबाचा. वस्तीतल्या तीन फेजच्या लाइनची न्यूट्रल तुटली, तर 230ऐवजी 400 व्होल्टच्या आसपास दाब घरात शिरू शकतो. सर्ज प्रोटेक्टरचा बोर्ड क्षणिक झटका झेलतो, पण असा टिकून राहणारा दाब नाही. जिथे हे वारंवार घडतं, तिथे जास्त दाब आला की पुरवठा तोडणारं उपकरण किंवा तशी सोय असलेला स्टॅबिलायझर हवा. आणि विजा कडाडत असताना प्लग काढून डिशची वायर तशीच ठेवली, तर अर्धंच काम झालं. पोर्ट आणि मेन बोर्ड जळतात ते बरेचदा त्या वायरीमार्गे.

रात्री मेन स्विच बंद करण्याची आपली सवय साध्या टीव्हीला चालते. ओएलईडीला नाही. स्थिर चित्राचे, म्हणजे चॅनलचा लोगो, बातम्यांची पट्टी यांचे, कायमचे वळ ओएलईडीवर उमटू शकतात. ते टाळण्यासाठी काही तास बघून झाल्यावर सेट रिमोटने बंद केला की तो स्टँडबायमध्ये स्वतःची डागडुजी करतो. भिंतीवरचं बटण लगेच बंद केलं की ती होतच नाही. निदान काही वेळ वीज चालू ठेवावी.

दुरुस्तीला देताना

व्हिडिओ बघून मागचं झाकण उघडण्याचा मोह अनेकांना होतो. सप्लाय बोर्डावरच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही काही काळ 300 व्होल्टपेक्षा जास्त दाब राहू शकतो. तो जीव घेऊ शकतो. बाहेरून जे तपासता येतं ते सगळं तपासा, झाकणाच्या आतलं जाणकारावर सोडा. आणि त्याने शोधून काढलेल्या दोषाचे, तपासणीचे पैसे द्यायला कुरकुर करू नका. फुकट तपासणीचं नुकसान असं की निदान करण्यापेक्षा काहीतरी विकणं त्याला भाग पडतं.

कोणता भाग बदलला ते बिलावर लिहून घ्या आणि जुना भाग परत मागा. कंपनीने सुटे भाग नाकारले किंवा टाळाटाळ केली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टलही सुरू केलं. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाख रुपयांपर्यंतच्या वस्तूच्या तक्रारीला शुल्क लागत नाही.

पॅनल खरोखरच फुटलेलं निघालं, तरी चांगले बोर्ड आणि पट्ट्या दुसऱ्या सेटला उपयोगी पडतात. दुरुस्तीवाले अशा सेटचे थोडे पैसे देतात, त्यांना विचारून बघावं. ट्यूबच्या बॅकलाइटचा जुना एलसीडी मात्र भंगारवाल्याला फोडायला देऊ नका, त्या ट्यूबमध्ये पारा असतो. 1 एप्रिल 2023पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत टीव्हीही येतो. तो नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे द्यायला हवा. नवा सेट घेताना जुना परत घेणार का आणि तो पुढे कुठे जाणार, हे दुकानात विचारून घ्या.