लालबागचा चिवडा मक्याच्या पिशवीत टिकेल का?

लालबागच्या चिवडा गल्लीतून अर्धा किलो चिवडा आणला की घरी तो चार दिवसांत फस्त होतो. पिशवी मात्र कचऱ्यात कित्येक वर्षं तशीच पडून राहते. मग हीच पिशवी मक्यापासून किंवा उसापासून बनवली तर?

असं प्लास्टिक खरंच आहे. त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे पीएलए.

ते बनतं कसं?

मका किंवा उसातली साखर जिवाणूंच्या मदतीने आंबवतात. त्यातून लॅक्टिक ॲसिड मिळतं, दह्यात असतं तेच. त्याचे रेणू साखळीसारखे जोडले की पीएलए तयार. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने जेजुरीजवळ अशा बायोपॉलिमरचा प्रात्यक्षिक प्रकल्प २०२४ मध्ये सुरू केला.

पण नुसतं पीएलए ठिसूळ असतं. पिशवी मऊ व्हावी म्हणून त्यात पीबीएटी नावाचं दुसरं प्लास्टिक मिसळतात आणि ते बहुतेक वेळा खनिज तेलापासूनच बनतं. ते कुजतं, पण झाडापासून आलेलं नसतं.

मग चिवड्याचं काय?

चिवड्याचे शत्रू दोन. ओलाव्याने तो मऊ पडतो आणि हवेतल्या ऑक्सिजनमुळे तेल खवट होतं. नेहमीचं प्लास्टिक ओलावा चांगला अडवतं. पीएलए त्यात कमी पडतं. मुंबईच्या पावसाळ्यात हा फरक लगेच कळेल. दादरच्या मंडईतल्या पालेभाजीला मात्र अशी पिशवी चालते, कारण आतली वाफ बाहेर गेलेली भाजीला बरीच असते.

वेफर्सच्या पाकिटावर हा प्रयोग झालाय. अमेरिकेत फ्रिटो-ले कंपनीने सनचिप्ससाठी पीएलएचं पाकीट आणलं. ते इतकं कर्कश वाजायचं की लोक वैतागले आणि २०१० मध्ये कंपनीने बहुतेक फ्लेवर्ससाठी ते मागे घेतलं.

फेकल्यावर कुजतं का?

खरी मेख इथे आहे. आयएस/आयएसओ १७०८८ या मानकानुसार कम्पोस्टेबल प्लास्टिकची चाचणी सुमारे ५८ अंश सेल्सिअस तापमानाला, खत प्रकल्पासारख्या वातावरणात होते आणि १८० दिवसांत त्यातला ९० टक्के कार्बन वायूत बदलावा लागतो. घरच्या खताच्या बादलीत किंवा परळच्या नाल्यात इतकी उष्णता टिकत नाही.

ब्रिटनच्या प्लिमथ विद्यापीठाने पिशव्या माती, समुद्र आणि हवेत ठेवून पाहिल्या. अभ्यास २०१९ मध्ये आला. 'बायोडिग्रेडेबल' लिहिलेली पिशवी माती आणि समुद्रात ३ वर्षं राहूनही सामान उचलत होती. 'कम्पोस्टेबल' पिशवी समुद्रात ३ महिन्यांत नाहीशी झाली, पण मातीत २७ महिन्यांनंतरही तिचे अवशेष होते.

म्हणजे हे दोन शब्द एकच नाहीत.

महाराष्ट्रातले नियम

२६ जुलै २००५ च्या पुरात प्लास्टिकने तुंबलेली गटारं मुंबईने पाहिली. पुढे २३ जून २०१८ पासून राज्यात प्लास्टिकबंदीची अंमलबजावणी सुरू झाली. पहिल्या गुन्ह्याला दंड ५ हजार रुपये. २०२२ च्या अखेरीस राज्याने कम्पोस्टेबल प्लेट, कप, चमचे, डबे अशा वस्तूंना सूट दिली. अट अशी की त्यांना सिपेट आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र हवं.

तुम्ही काय पाहाल?

पिशवीवर नुसतं हिरवं पान किंवा 'इको-फ्रेंडली' लिहिलेलं पुरेसं नाही. 'कम्पोस्टेबल' हा शब्द, उत्पादकाचं नाव आणि प्रमाणपत्राचा तपशील शोधा. अशी पिशवी सुक्या कचऱ्यात टाकली तर रिसायकलिंगचा माल खराब होतो. ओल्या कचऱ्यात टाकली, तरी ती मोठ्या खत प्रकल्पापर्यंत पोहोचली तरच उपयोग.

तोवर चिवड्यापुरता सोपा उपाय आहे. लालबागला जाताना घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा सोबत न्या. दुकानदाराला 'यातच द्या' म्हणा. चिवडाही कुरकुरीत राहील.