बोट बंदराला लागते तेव्हा



आपल्या पणजोबांच्या काळी समुद्र ओलांडणे हा धर्माचा प्रश्न होता. परतल्यावर प्रायश्चित्त घ्यावे की नाही, यावर गावोगावी वाद झडत. आज ते प्रायश्चित्त इतिहासजमा झाले आहे. उरला आहे तो खर्चाचा प्रश्न. मुले नोकरीला लागली, डोक्यावरचे कर्ज फिटले, की अनेक मराठी कुटुंबे आयुष्यात एकदा तरी भूमध्य समुद्राची सफर करावी म्हणून पैसे बाजूला टाकू लागतात. ज्याला हल्ली सर्रास 'क्रूझ' म्हणतात, ती ही सफर. आठ-दहा दिवसांत इटली, ग्रीस आणि तुर्कस्तान पाहून मंडळी परत येतात. घरी आल्यावर शेजारी विचारतो, "रोम कसे काय वाटले?" आणि पुष्कळदा उत्तर मिळते, "बसच्या काचेतून छान दिसले हो!"

वर्षानुवर्षांच्या बचतीचे फळ म्हणून हे उत्तर फार तोकडे आहे. ते का द्यावे लागते आणि ते टाळावे कसे, एवढाच माझ्या आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

बोटीचा स्वभाव

प्रथम ही बोट मुळात काय वस्तू आहे ते समजून घेऊ. आगबोटीचे पूर्वीचे काम म्हणजे माणसे एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर पोचविणे. हिवाळ्यात अटलांटिकवर उतारू कमी होत आणि बोटी रिकाम्या पडून राहत. त्यावर तोड म्हणून हाम्बुर्गच्या आल्बर्ट बालिन या जहाज-व्यवस्थापकाने १८९१ च्या जानेवारीत 'आउगुस्टा व्हिक्टोरिया' ही बोट निव्वळ सहलीसाठी भूमध्य समुद्रात पाठविली. आजच्या क्रूझची सुरुवात पुष्कळ जण तेथून धरतात. पुढे विमाने आली, पोचविण्याचे काम त्यांनी घेतले, आणि बोटीकडे उरली ती सहल.

म्हणजे ही बोट एक चालते हॉटेल झाली. ती रात्री चालते, सकाळी बंदराला लागते आणि संध्याकाळी निघते. यात सोय मोठी आहे. सामान एकदाच उघडायचे, रोज नवा गाव, पण उशी तीच. गुडघे दुखणाऱ्या आई-वडिलांना परदेश दाखवायचा तर याहून सुखाचा मार्ग क्वचितच सापडेल. पण या सोयीची किंमत वेळेत मोजावी लागते. बोटीच्या उतारूकडे एक वेळ पैसा असतो, उत्साह असतो, परंतु किनाऱ्यावरचे तास मात्र मोजून दिलेले असतात. रेशनवरच्या साखरेसारखे ते वापरावे लागतात.

बंदर म्हणजे शहर नव्हे

सफरीच्या पत्रकात छापलेले असते : 'रोम — आगमन सकाळी ७, प्रस्थान सायंकाळी ७.' वाचणारा मनात म्हणतो, बारा तास! पण रोमला समुद्र नाही. बोट लागते ती चिविताव्हेक्कियाला. सम्राट त्रायानने दुसऱ्या शतकाच्या आरंभी बांधविलेले हे बंदर रोमपासून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर आहे.

आता हिशेब मांडू, आणि तो शेवटाकडून मांडू. कारण बोटीच्या प्रवासात वेळ नेहमी उलटा मोजायचा असतो. बोट सातला सुटणार, तर उतारूंनी साडेसहाच्या आत, काही वेळा त्याहूनही आधी, आत आले पाहिजे. वाटेत आगगाडी चुकली, संप झाला, रस्ता तुंबला, तर हाताशी दोन तास तरी हवेत. प्रवासाचा एक तास आणि स्टेशनापासून धक्क्यापर्यंतचा अर्धा-पाऊण तास धरला, म्हणजे रोममधून दुपारी तीनच्या सुमारास पाय काढावयास हवा. सकाळीही तीच कथा. सातला बोट लागली तरी उतरायला आठ, आणि रोममध्ये पोचायला दहा वाजतात. बारा तासांचे असे पाच तास होतात.

हे पाच तास ज्याला आधी कळले, त्याची सहल साधली. तो कलोसियम, व्हॅटिकन, त्रेव्हीचे कारंजे आणि बाजार अशी यादी करीत नाही; यांपैकी एक निवडतो. व्हॅटिकन निवडले तर चिविताव्हेक्कियाहून येणारी गाडी सान पिएत्रो या स्टेशनावर थांबते, आणि तेथून संत पीटरचे मंदिर पायी गाठता येते. मात्र खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे हवेत, नाही तर दारातूनच परत फिरावे लागते. व्हॅटिकनचे वस्तुसंग्रहालय महिन्याचा शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंद असते. आपली बोट कोणत्या वारी लागते, हे म्हणूनच तिकीट काढण्यापूर्वी पाहावे.

येथे नेहमीचा प्रश्न येतो : बोटीच्या कंपनीची सहल घ्यावी, की आपले आपण जावे? कंपनीची सहल महाग असते, आणि पन्नास माणसांच्या मागे झेंडी पाहत चालावे लागते. पण तिच्या बसला उशीर झाला तर बोट सहसा थांबते, आणि न थांबली तर उतारूंना पुढच्या बंदरावर पोचविण्याची जबाबदारी कंपनी घेते. आपले आपण गेलेल्या माणसासाठी बोट थांबत नाही. तेव्हा ढोबळ नियम असा : जेथे पाहण्याचे स्थळ लांब आहे तेथे कंपनीची सहल घ्यावी, आणि जेथे शहर धक्क्यालाच लागून आहे तेथे स्वतंत्रपणे फिरावे.

नेपल्समधील आपली लक्ष्मी

नेपल्स हे असे धक्क्याला लागून असलेले शहर. बहुतेक उतारू येथून पाँपेईला जातात, आणि ते योग्यच आहे. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडले गेलेले ते नगर पाहताना इतिहास पायाखाली येतो. पण तेथील रस्ते मोठमोठ्या उंचसखल दगडांचे, सावली थोडी आणि उन्हाळ्यातले ऊन कडक. टोपी, पाण्याची बाटली आणि जुने, पायाला सवयीचे बूट हवेत. नवे बूट प्रवासात कधीही काढू नयेत.

ज्यांना एवढी पायपीट झेपत नाही त्यांनी हळहळू नये. पाँपेईतून निघालेल्या उत्तमोत्तम वस्तू नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात ठेवल्या आहेत. त्यांत सुमारे पंचवीस सेंटिमीटर उंचीची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. १९३८ साली ती पाँपेईतील एका घरात सापडली. अंगावर भरगच्च दागिने, दोन्ही बाजूंस लहान दासी. पाहताक्षणी ती भारतीय आहे हे कळते. 'पाँपेईची लक्ष्मी' या नावाने ती ओळखली जाते, जरी विद्वान तिला यक्षी मानण्याकडे झुकतात. आणि आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट ही, की तिच्याशी जवळचे साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्ती आपल्या मराठवाड्यात, तेर आणि भोकरदन येथे मिळाल्या आहेत. सातवाहनांच्या काळी आपल्या मुलखातला माल पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांतून रोमकडे जात असे. ही मूर्ती नेमकी कोणत्या गावी घडली याविषयी मतभेद असोत. पण एकोणीसशे वर्षांपूर्वी आपल्याकडून निघून या किनाऱ्याला लागलेली एक प्रवासिनी तेथे उभी आहे. तिला न भेटता परतणे बरे नव्हे.

पडाव आणि पाचशे पायऱ्या

यापुढे बोट ग्रीसच्या सांतोरिनी बेटाला येते. येथे मोठ्या बोटीला धक्का नाही. इसवी सनापूर्वी सुमारे सोळाशेच्या आसपास झालेल्या प्रचंड ज्वालामुखीच्या स्फोटाने बेटाचा मधला भाग खचला, त्यात समुद्र शिरला, आणि पाणी तीनशे मीटरहून अधिक खोल झाले. बोट मधेच उभी राहते आणि उतारूंना लहान नावांतून किनाऱ्यावर नेतात. कोकणातल्या जुन्या मंडळींना हे सांगावे लागणार नाही. रत्नागिरीला, विजयदुर्गाला बोट बाहेर उभी राही आणि बोचकी सांभाळीत माणसे पडावात उतरत. तोच हा प्रकार. पडावात उतरताना जे तेव्हा शहाणपणाचे होते तेच आजही आहे : हात मोकळे ठेवावेत, खलाशी हात देईल तो मनगटाशी घट्ट धरावा, आणि लाट वर आली की मगच पाऊल टाकावे. समुद्र खवळला असेल तर हे उतरणे रद्दही होते. चाकाच्या खुर्चीवरील माणसाला अशा नावेतून नेता येईल का, याची चौकशी आगाऊ करावी.

किनाऱ्यावर उतरले की फिरा हे गाव डोक्यावर, दोनशे मीटरहून उंच कड्यावर दिसते. वर जायला तीन वाटा : पाचशे ऐंशीहून अधिक पायऱ्या, दोरावरचा पाळणा, नाही तर गाढव. त्या मुक्या जनावरांचे हाल पाहून ग्रीसच्या सरकारने २०१८ मध्ये त्यांच्यावरील ओझ्याला मर्यादा घातली. आपण गाढवाला त्रास न द्यावा हेच उत्तम. पाळण्याचा प्रवास काही मिनिटांचाच, पण संध्याकाळी परतणाऱ्यांची रांग तासभराचीही होते. किनाऱ्यावरून सुटणाऱ्या शेवटच्या नावेची वेळ पाहून त्याआधी दोन तास वर रांगेत उभे राहिलेला माणूस भित्रा नव्हे, जाणता होय. सूर्यास्त बोटीच्या डेकवरूनही दिसतो.

याच बंदरापासून घड्याळाची एक गंमत सांभाळावी लागते. इटलीहून ग्रीस एक तास पुढे आहे. बोटीवरची घड्याळे कधी बदलतात, कधी बदलत नाहीत. खिशातला फोन मात्र किनाऱ्याचे ऐकून आपोआप बदलतो. म्हणून मनगटावर साधे घड्याळ असावे, आणि त्यात बोटीची वेळ लावलेली असावी.

समुद्राने सोडलेले बंदर

तुर्कस्तानात बोट कुशादासीला लागते आणि तेथून वीसेक किलोमीटरवर एफेससचे अवशेष आहेत. येथे मोटारीने वरच्या दारापाशी जावे आणि उतरत उतरत खालच्या दाराने बाहेर पडावे, चढ वाचतो. सेल्ससच्या ग्रंथालयाची दोन मजली दर्शनी भिंत आणि सुमारे पंचवीस हजार प्रेक्षकांचे नाट्यगृह पाहून झाले, की तेथून निघणाऱ्या रुंद फरसबंदी रस्त्यावर क्षणभर उभे राहावे. हा रस्ता बंदराकडे जात असे. आज त्याच्या टोकाला पाणी नाही. नदीच्या गाळाने बंदर बुजले आणि समुद्र काही किलोमीटर मागे हटला.

या मुक्कामात कागदपत्रांची एक मेख आहे. इटली आणि ग्रीस शेंगेन करारात आहेत, तुर्कस्तान नाही. तेथे उतरून पुन्हा ग्रीसच्या पिरेअस बंदरात शिरताना आपण नव्याने प्रवेश करतो. म्हणून भारतीय पारपत्रावरचा शेंगेन व्हिसा अनेक प्रवेशांचा असावा, आणि तुर्कस्तानच्या परवानगीची चौकशी निघण्यापूर्वीच व्हावी.

काही बारीकसारीक

बोटीवर चढल्याबरोबर संकटकाळी जमण्याची जागा दाखवितात. ही कवायत कंटाळवाणी वाटते, पण ती चुकवू नये. १३ जानेवारी २०१२ रोजी 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' ही बोट चिविताव्हेक्कियाहून सुटली आणि त्याच रात्री खडकावर आपटून कलंडली. ३२ माणसे दगावली. त्या संध्याकाळी चढलेल्या उतारूंची कवायत झालेलीच नव्हती. तेव्हाच्या नियमाप्रमाणे चोवीस तासांत झाली तरी चालत असे. १ जानेवारी २०१५ पासून ती बोट सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी घेणे बंधनकारक झाले. सात आखूड आणि एक लांब भोंगा हा धोक्याचा इशारा लक्षात ठेवावा.

ज्यांना बोट लागते त्यांनी मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची खोली मागावी आणि नजर क्षितिजावर ठेवावी. जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत. बोटीवर पसरणाऱ्या जुलाब-उलट्यांना नुसते जंतुनाशक पुरे पडत नाही. समुद्रात फोनची जोडणी बंद ठेवावी, नाही तर बोटीच्या उपग्रहाचे बिल घरी आल्यावर झोप उडविते. शाकाहाराची सूचना तिकिटाबरोबरच द्यावी. आणि दररोज उतरताना बोटीचे ओळखपत्र, पारपत्राची प्रत, रोजची औषधे व बंदरातील कंपनीच्या प्रतिनिधीचा दूरध्वनी क्रमांक जवळ असावा. हा क्रमांक त्या दिवसाच्या कार्यक्रमपत्रकात छापलेला असतो. दुर्दैवाने बोट चुकलीच, तर धावाधाव न करता प्रथम त्याच माणसाला गाठावे.

पाहुण्याचा धर्म

शेवटी एक गोष्ट किनाऱ्याच्या बाजूने सांगितली पाहिजे. एकेका बोटीतून तीन-चार हजार माणसे उतरतात, आणि लहान गावाचा जीव गुदमरतो. व्हेनिसच्या ऐन दारातून जाणाऱ्या मोठ्या बोटींना इटलीने १ ऑगस्ट २०२१ पासून बंदी केली ती याच भावनेतून. आपण बोटीवर पोटभर न्याहारी करून उतरतो, गावात धक्काबुक्की करतो, आणि जेवायला पुन्हा बोटीवर येतो. गावाच्या पदरात पडतो तो केवळ कचरा. त्यापेक्षा एखाद्या गल्लीत बसून तिथली कॉफी प्यावी, दुकानदाराला त्याच्या भाषेत नमस्कार करावा, पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्याचे छायाचित्र विचारल्याशिवाय घेऊ नये. यात त्या गावाचे भले आहे आणि आपलेही, कारण घाईत पाहिलेली दहा ठिकाणे विसरतात आणि निवांत पाहिलेले एक राहते.

मार्क ट्वेनची बोट १८६७ साली पिरेअसला लागली, तेव्हा रोगराईच्या भीतीने उतारूंना किनारा बंद होता. तो आणि आणखी तिघे रात्री लपून उतरले, अथेन्सपर्यंत चालत गेले आणि चांदण्यात अक्रोपोलिस पाहून उजाडण्यापूर्वी परतले. कायदा मोडण्याचा त्यांचा कित्ता मी कोणाला गिरवायला सांगणार नाही. पण त्यांनी एकच गोष्ट पाहण्याचे ठरविले, तेवढीच पाहिली आणि वेळेत बोट गाठली. एका रात्रीच्या त्या भेटीवर त्याने पुढे पुस्तकात पाने लिहिली.

आपल्याला बंदर उघडे आहे आणि हाती पाच तास आहेत. तेवढ्यात एक जागा मनापासून पाहून होते. ती निवडूनच घरातून निघा, एवढेच माझे सांगणे आहे.