पाचशे डॉलर घेतलेला हौशी खेळाडू

या भागाचं लिखित रूप देतोय, बोललो तसंच.

मागच्या आठवड्यात आमच्या उंद्रीत कबड्डीचा सराव बघत बसलो होतो. एक पोरगा चढाईही करतो अन् कोपऱ्यात पकडीलाही उभा राहतो. मला म्हणे, "दादा, मी सगळंच खेळतो, म्हणून निवडीत कुठल्याच जागेवर बसत नाही. उपयोग काय याचा?" उत्तर शोधता शोधता मी थेट अमेरिकन फुटबॉलमध्ये पोचलो!

विल्यम हेफेलफिंगर, टोपणनाव 'पज'. येल विद्यापीठाचा गडी, जागा 'गार्ड'. म्हणजे चेंडू नेणाऱ्यासाठी वाट मोकळी करून द्यायची. गुण दुसऱ्याच्या नावावर, मार आपल्या अंगावर. पण हा बाप्पा जागेवर थांबायचा नाही. रांगेतून बाहेर पडून चेंडूवाल्याच्या पुढे धावायचा. तेव्हा तेच अकरा जण आक्रमण अन् बचाव दोन्ही करत, आणि दुखापत झाल्याशिवाय बदली खेळाडू नसे. त्यामुळे एकच काम येणारा माणूस संघाला परवडायचा नाही. १८८९ ते १८९१, सलग तीन वर्षं तो देशातल्या सर्वोत्तम अकरांत निवडला गेला.

शिक्षण झाल्यावर त्यानं ओमाहात रेल्वेच्या कचेरीत नोकरी धरली. ती सोडून १८९२ मध्ये तो शिकागोच्या हौशी क्लबसोबत दौऱ्यावर निघाला. मिळकत काय? फक्त प्रवासखर्च. हौशी म्हणजे खेळायचे पैसे घ्यायचे नाहीत, हा नियम. पण जिंकायची हौस क्लबांनाही होतीच, त्यामुळे नियमातून पळवाटा निघायच्या.

१२ नोव्हेंबर १८९२. पिट्सबर्गमध्ये अ‍ॅलेघेनी अ‍ॅथलेटिक असोसिएशन विरुद्ध पिट्सबर्ग अ‍ॅथलेटिक क्लब. अ‍ॅलेघेनीनं पजला गुपचूप आणलं. सामन्यात प्रतिस्पर्ध्याच्या हातून चेंडू सुटला, यानं उचलला आणि थेट टचडाउन! तेव्हा टचडाउनला चारच गुण मिळायचे. निकाल ४-०. म्हणजे ज्याचं काम गुण करायचं नव्हतंच, त्यानंच सामना जिंकून दिला.

क्लबच्या हिशेबवहीत त्याच्या नावावर रोख ५०० डॉलर, शिवाय २५ डॉलर खर्चाचे. ही नोंद कित्येक वर्षांनी उजेडात आली आणि तो पहिला व्यावसायिक फुटबॉलपटू ठरला.

आपल्याकडेही हा खेळ आला बरं का. २०१२ मध्ये एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडियाचा पहिला हंगाम झाला. पुणे मराठाजनं अंतिम सामन्यात दिल्ली डिफेंडर्सला ६-० हरवलं. हा खेळ लहानपणापासून खेळलेली पोरं इथं कुठून मिळणार? रग्बीसारख्या दुसऱ्या खेळांतून आलेल्या खेळाडूंनाच तो शिकावा लागला.

म्हणून त्या पोराला सांगितलं: निवडीला जाशील तेव्हा "कुठंही खेळतो" असं मोघम बोलू नको. एक जागा पक्की धर, आणि दुसरं काम मैदानात करून दाखव. पजची जागा गार्डचीच होती. पण चेंडू समोर पडला तेव्हा तो उचलून पळणं त्याला जमलं.

पोरगं जरा वेळ गप्प बसलं. मग म्हणालं, "कोपराच धरतो दादा."

तुमच्या गावात असा कोणी अष्टपैलू असेल तर जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात!