कोऱ्या रकान्याची गोष्ट

संगणक चुकत नाही, असे आपण सगळेच म्हणतो. मीही म्हणत असे.

काही वर्षांपूर्वी एका कार्यालयात निवृत्तिवेतनाच्या नोंदी माझ्याकडे होत्या. नोव्हेंबर म्हणजे हयातीच्या दाखल्यांचा महिना. दाखला न देणाऱ्यांना स्मरणपत्रे धाडायची, म्हणून मी संगणकाकडे यादी मागितली. उत्तर आले : शून्य नावे. सगळ्यांनी दाखले दिले, या आनंदात मी साहेबांना तसे कळवूनही टाकले.

पुढच्या महिन्यात एक आजी खिडकीशी आल्या. ''बाळा, दाखला दिला होता रे मी. तरी पैसे जमा नाहीत.''

माझ्या पोटात गोळा आला. साधी मोजदाद केली. निवृत्तिवेतनधारक 412, दाखले 371. मग यादी शून्य कशी? दाखल्यांचा तक्ता ओळीओळीने तपासला, तेव्हा चोर सापडला. एका दाखल्यापुढे क्रमांकाचा रकानाच कोरा!

वाचकहो, लग्नाच्या पत्रिका आठवा. वाटलेल्या पत्रिकांच्या यादीत एक ओळ बिननावाची आहे. आता सांगा, जोशीकाकांना पत्रिका गेली नाही, असे छातीठोक म्हणता येईल? कदाचित ती ओळ त्यांचीच असेल! आपण अंदाजाने पुढे जातो. संगणक जात नाही. 1970 साली एडगर कॉड यांनी मांडलेल्या पद्धतीवर उभ्या असलेल्या या तक्त्यांची भाषा म्हणजे एसक्यूएल. तिच्यात उत्तरे तीन : 'खरे', 'खोटे' आणि 'माहीत नाही'. यादीत येते ते फक्त 'खरे' ठरलेलेच. मी 'नॉट इन' असे विचारले होते. त्या एका कोऱ्या रकान्यामुळे दाखला न दिलेल्या प्रत्येकाचे उत्तर 'माहीत नाही' झाले आणि सगळी नावे गळाली.

'नॉट एक्झिस्ट्स' वापरून प्रश्न पुन्हा विचारला. 42 नावे आली. त्यांत आजीही होत्या. फाइल काढली, तर कोऱ्या रकान्याचा तो दाखला त्यांचाच निघाला. अक्षर न लागल्याने क्रमांक भरायचा राहिला होता. आजींचे पैसे सुटले, बाकीच्या 41 जणांना त्याच संध्याकाळी पत्रे गेली. पुढे तो रकाना कोरा ठेवताच येणार नाही, अशी सोय केली.

संगणक चुकला नव्हता. 'माहीत नाही' हे त्याने प्रामाणिकपणे मानले होते. 'कोणीच नाही' असा अर्थ मी काढला. तेव्हापासून शून्य दिसले की मी आधी कोरा रकाना शोधतो.