स्टेशन कंपनीकडे, मग आरक्षण कोणाकडे?

रेल्वे स्टेशने विकायला काढली, अशी ओरड आपल्या सभांमधून नेहमी ऐकू येते. घोषणा जोरकस आहे. पण कायद्याच्या कसोटीवर टिकत नाही, आणि खाउजाचे समर्थक नेमके तिथेच आपल्याला खोटे पाडतात.

भोपाळचे हबीबगंज स्टेशन घ्या. २०१६ साली त्याचा करार बन्सल समूहाशी झाला आणि १५ नोव्हेंबर २०२१ रोजी राणी कमलापती या नव्या नावाने उद्घाटन झाले. जमीन विकली काय? नाही. मालकी रेल्वेचीच राहिली. स्टेशनची देखभाल आठ वर्षांसाठी, तर लगतची जमीन ४५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने कंपनीला दिली. गाड्या आणि सिग्नल रेल्वेकडे. साफसफाई, पार्किंग, दुकाने, जाहिराती कंपनीकडे.

बहुजन समाजाने पाहायचे ते या वाटणीकडे. संविधानाचे कलम १६(४) राज्याच्या सेवेतील नेमणुकांना लागू होते. रेल्वेच्या हजेरीपटावरील चतुर्थ श्रेणी कामगाराला आरक्षण आहे, बढती आहे. तेच काम कंपनीच्या कंत्राटदाराकडे गेले की झाडू तोच, हातही आपल्याच माणसाचे. आरक्षण मात्र गेले. संविधानातला एक शब्दही न बदलता! रेल्वे स्वतःही साफसफाईची कंत्राटे देतच होती, हे खरे. पण म्हणून हा प्रश्न लहान होत नाही.

दुसरा मुद्दा प्रवेशाचा. कलम १५(२) मुळे दुकानात किंवा सार्वजनिक जागेत जात विचारून कोणी अडवू शकत नाही, मग मालक खासगी का असेना. पण खिसा पाहून अडवले तर? त्याला हे कलम पुरत नाही. ६ डिसेंबरला दादरला उतरणारा आपला माणूस भाकरी बांधून आणतो, फलाटावर पथारी टाकतो. दुकानाच्या भाड्यावर चालणाऱ्या स्टेशनला हा प्रवासी गिऱ्हाईक वाटेल की अडगळ?

मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसही याच वाटेने निघाले होते. पुनर्विकासासाठी खासगी कंपन्यांची छाननीसुद्धा झाली होती. पुढे सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ते काम सरकारी पैशातून करण्यास मंजुरी दिली. म्हणजे दुसरा मार्ग होता, आहे.

तेव्हा घोषणेबरोबर माहिती अधिकाराचा अर्जही हवा. हबीबगंजचा करार हाताळणारे स्टेशन विकास महामंडळ सरकारने २०२१ मध्ये बंद केले. त्यामुळे अर्ज त्या-त्या विभागीय रेल्वेकडे करावा. करारनाम्याची प्रत मिळाली की आधी कामगारांचे कलम काढावे, मग दरांचे.