मोडण्याची मुभा

विज्ञानाचे प्रयोग मुलांना दाखविणे आणि तेच प्रयोग मुलांकडून करवून घेणे ह्या दोन गोष्टी दुरून सारख्याच दिसत असल्या, तरी पहिलीत दाखविणाऱ्याचे कौशल्य प्रकट होते आणि दुसरीत त्याच्या संयमाची कसोटी लागते, एवढे त्यांच्यात अंतर आहे. टेबलावर खाण्याचा सोडा आणि लिंबाचा रस एकत्र करून फेस उसळविला, की सगळा वर्ग एका सुरात उद्गारतो, छायाचित्र उत्तम येते, मुख्याध्यापक प्रसन्न होतात. पण त्यानंतर मुलांपाशी काय उरले असे कोणी विचारले, तर जादूगाराच्या खेळानंतर जे उरते त्याहून फारसे अधिक सांगता येत नाही. ज्याला हल्ली सर्वत्र ‘स्टेम कार्यशाळा’ असे भारदस्त नाव मिळाले आहे, त्यातील पुष्कळसा भाग ह्या पहिल्या जातीचा असतो. दुसऱ्या जातीचे काम संथ, गलबल्याचे आणि पाहुण्यांना कंटाळवाणे वाटणारे असते; पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जिल्हा परिषदेच्या शाळांतून सातवी-आठवीच्या मुलांबरोबर ते करण्याची संधी मला मिळत आली आहे, आणि त्याविषयीच येथे लिहावयाचे आहे.

दिवसभराच्या कार्यशाळेसाठी मी बहुधा एकच वस्तू निवडतो : विजेची लहानशी मोटार. तिला लागणारा सरंजाम म्हणजे टॉर्चचा एक मोठा सेल, एक चपटा चुंबक, दोन सेफ्टी पिना, हात-दीड हात लांबीची एनॅमलचा लेप असलेली तांब्याची तार, आणि सायकलच्या फाटक्या ट्यूबमधून कापलेला एक रबरी पट्टा. पट्टा सेलभोवती लांबीच्या दिशेने ताणून बसवावयाचा, त्याच्याखाली दोन्ही टोकांशी एकेक सेफ्टी पिन उभी खोचावयाची, सेलच्या पाठीवर चुंबक ठेवावयाचा, की तो पत्र्याच्या वेष्टणाला आपोआप चिकटून बसतो. मग तारेचे दहा-बारा वेढ्यांचे वेटोळे करून त्याची दोन टोके पिनांच्या भोकांत ओवावयाची आणि वेटोळ्याला बोटाने हलकीच चालना द्यावयाची. हे रूप आपल्याकडे घरोघर पोहोचविण्याचे श्रेय मुख्यतः टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्ता ह्यांना आहे. ह्याच तत्त्वाचा आरंभ शोधावयाचा झाला, तर तारेतील प्रवाहाने होकायंत्राची सुई विचलित होते हे १८२० साली ऑर्स्टेडने पाहिले, आणि पुढच्याच वर्षी फॅरडेने पाऱ्याच्या पेल्यात लोंबकळती तार चुंबकाभोवती फिरवून दाखविली, येथपर्यंत मागे जावे लागेल. परंतु हा इतिहास मी मुलांना सकाळी सांगत नाही. सायंकाळी सांगितला तर त्यांना फॅरडे हा आपल्याच गटातला वाटतो.

कामाचा अवघड भाग आदल्या संध्याकाळीच उरकावा लागतो. प्रत्येक सेल छोट्या दिव्याला लावून पारखणे, चुंबक एकमेकांशी ताडून दुबळे बाजूला काढणे, ट्यूबचे पट्टे कापून ताणून पाहणे, आणि तारेचे तुकडे एकाच लांबीचे करणे, हा उद्योग रात्री उशिरापर्यंत चालतो. तार फार बारीक असली तर तिची टोके वेटोळ्याचा भार पेलत नाहीत, फार जाड असली तर वेटोळे जड होते आणि मुलांच्या बोटांना वळवत नाही. बावीस गेजच्या आसपासची तार बरी पडते. इतकी दक्षता घेण्याचे कारण केवळ नीटनेटकेपणाची हौस हे नव्हे. मोटार फिरली नाही, तर न फिरण्याचे कारण मुलाच्या कृतीत असले पाहिजे, साहित्यात असता कामा नये. कारण मेलेल्या सेलचा दोष शोधण्यात ज्या मुलीचा तास वाया गेला, तिचा आपल्या बुद्धीवरील भरवसाही त्या तासाबरोबर जातो, आणि तो परत आणणे माझ्या हाती उरत नाही.

सकाळचा पहिला प्रहर बहुधा उद्घाटनात जातो. नारळ, हार, प्रमुख पाहुण्यांचे मनोगत. ते टाळण्याचा प्रयत्न मी आता सोडून दिला आहे.

त्यानंतर मुले सतरंजीवर बसतात, दोघांत एक संच. ह्या दोघांच्या नियमासाठी मी सर्वत्र भांडत आलो आहे. साहित्य वाचविण्यासाठी चौघांचा गट करा असा आग्रह पुष्कळ ठिकाणी होतो; पण चौघांच्या गटात एक धीट मुलगा सेल आणि तार हस्तगत करतो, दुसरा त्याला सल्ला देतो, तिसरा प्रेक्षक होतो, आणि चौथी जी असते ती बहुतेक मुलगी असते, व तिच्या हाती ‘तुझं अक्षर चांगलं आहे’ ह्या सबबीवर वही दिली जाते. दोघांत एकाने तार धरल्याखेरीज दुसऱ्याला ती खरवडताच येत नाही, म्हणून दोघांनाही काम उरते. स्त्री-पुरुष समानतेवर भाषण करण्यापेक्षा तारेला दोन टोके असण्याचा मला अधिक उपयोग झाला आहे.

खरवडणे हाच ह्या सगळ्या खटाटोपाचा गाभा. तांब्याच्या तारेवर जो चकचकीत लेप असतो, त्यातून वीज जात नाही हे मुलांना ठाऊक नसते. त्यांच्या मते तार ती तार. पहिल्या अर्ध्या तासात म्हणूनच एकही मोटार फिरत नाही, आणि वर्गात एक चमत्कारिक शांतता पसरते. मग कोणीतरी सेल पारखण्याचा छोटा दिवा उचलून तारेची टोके त्याला लावून पाहते. दिवा लागत नाही. वेटोळ्याला झालेय तरी काय, ह्या प्रश्नावरून हळूहळू लेपाचा शोध लागतो आणि पॉलिश पेपरची मागणी सुरू होते. आता मुले टोके सर्व बाजूंनी लखलखीत घासतात, आणि वेटोळे एकदम जिवंत होते. पण फिरत नाही. अर्धवट वळते, थबकते, मागे येते, पुन्हा वळते.

“सर, आमची नुसती डुलतीय, फिरत नाय.”

ह्या क्षणी मुलाच्या हातातून तार घेऊन तिचे एक टोक अर्धेच घासून द्यावे, हा मोह इतका अनावर असतो, की मी दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहतो. कार्यशाळा चालविणाऱ्याचे सारे कसब मला विचाराल तर ह्या पाठीमागच्या हातांत आहे. शिकवण्याची सवय लागलेल्या माणसाला उत्तर माहीत असताना गप्प राहणे हा जवळजवळ शारीरिक क्लेश होतो. माझ्याबरोबर आलेले कित्येक हुशार अभियंते येथेच नापास झाले, आणि एखादा फारसा न शिकलेला शिपाई, ज्याला उत्तर खरोखरच ठाऊक नव्हते, तो मुलांजवळ उकिडवा बसून उत्तम मार्गदर्शक ठरला.

मी एवढेच म्हणतो, “वेटोळं हाताने सावकाश फिरव, आणि कुठे त्याला पुढे रेटा बसतो, कुठे मागे, ते बोटाला विचार.” बोटाला ते कळते. अर्ध्या फेऱ्यात चुंबकाचा रेटा वेटोळ्याला पुढे लोटतो, आणि उरलेल्या अर्ध्यात तोच रेटा उलटा लागून त्याला परत आणतो. तेव्हा मागे ओढणारा रेटा जेथे लागतो तेथे प्रवाहच बंद ठेवता आला तर काय, ह्या विचारापर्यंत यावयास कोणाला पाच मिनिटे लागतात, कोणाला जेवणाची सुट्टी मध्ये जाऊ द्यावी लागते. प्रवाह बंद ठेवण्याचा उपाय मात्र सर्वांच्या समोरच असतो : सकाळी ज्याच्यावर राग काढला तो लेप. एका टोकाचा लेप अर्ध्या परिघावर तसाच राहू दिला, की अर्धा फेरा विजेने होतो आणि अर्धा अंगच्या गतीने, आणि वेटोळे पाहता पाहता दिसेनासे होते. घरच्या मिक्सरमध्ये हेच काम कॉम्युटेटर आणि ‘कार्बन’ करतात, असे सांगताच दोन-तीन मुली तरी ‘आमचे कार्बन गेलेत’ असे कळवितात, आणि ज्ञानाचा संबंध दुरुस्तीच्या बिलाशी जोडला जातो.

दरम्यान मोडतोड अखंड चाललेली असते. तारा खरवडून खरवडून तुटतात, चुंबक फरशीवर पडून दुभंगतात (आणि त्यामुळे एकाचे दोन चुंबक झाले, हा शोध लागतो), वेटोळे तसेच अडकवून ठेवल्याने सेल चटका बसण्याइतका तापतो. शाळेतील शिक्षकांच्या चेहऱ्यावर अशा वेळी जी अस्वस्थता उमटते, तिचा अर्थ उमगण्यास मला बराच काळ लागला. तो मी प्रथम त्यांच्या स्वभावात शोधीत होतो. तो होता दप्तरात. शाळेला मिळालेली प्रत्येक टिकाऊ वस्तू जडवस्तू संग्रहाच्या नोंदवहीत, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या ‘डेडस्टॉक’मध्ये, चढवावी लागते, बदली झाली की त्या नोंदीप्रमाणे चार्ज मोजून द्यावा लागतो, तपासणीत वस्तू कमी भरली तर खुलासा मागविला जातो, आणि फुटलेले भिंग निर्लेखित करून घ्यावयाचे तर त्यासाठी प्रस्ताव, शिफारस आणि मंजुरी ह्यांचा जो प्रवास करावा लागतो, त्यापेक्षा ते भिंग मुळात कपाटाबाहेरच न काढणे कोणाही शहाण्या माणसाला सोयीचे वाटेल. सूक्ष्मदर्शक कुलपात राहतो तो शिक्षकाच्या आळसामुळे, असे शहरातून येणारे पाहुणे सरसहा म्हणतात. ते अन्यायाचे आहे. ज्या वस्तूच्या सुरक्षिततेसाठी माणूस जबाबदार आणि जिच्या उपयोगासाठी मात्र कोणीच जबाबदार नाही, ती वस्तू कुलपातच जाणार.

२०१६ पासून केंद्र सरकारच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेखाली निवडलेल्या शाळांना वीस लाखांपर्यंत अनुदान मिळू लागले, आणि त्रिमिती छपाईयंत्रे व इलेक्ट्रॉनिक संच लहान गावांपर्यंत आले, ह्याचे मला स्वागतच आहे. उत्साही शिक्षकाच्या हाती त्यांतून विलक्षण कामे झालेली मी पाहिली आहेत. पण यंत्र जितके महाग, तितकी ते मुलाच्या हाती देताना आवाजात ‘जपून’ अधिक येते, आणि जपून वापरलेल्या यंत्राकडून मूल फक्त जपणे शिकते. माझ्या पिशवीतील ट्यूबचा पट्टा आणि सेफ्टी पिन कोणत्याही वहीत चढविण्याच्या लायकीची नाही, हीच तिची खरी योग्यता. ती मोडली तर खुलासा नको, हरवली तर वसुली नको. संध्याकाळी सगळे बिनबोभाट खर्ची टाकता येते. मुलाला मोडण्याची मुभा द्यावयाची असेल, तर आधी मोठ्यांना जाब देण्यातून मोकळे करावे लागते.

टाकाऊ वस्तूंतून विज्ञान हा विचार अर्थात माझा नव्हे. मध्य प्रदेशातील तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सोळा उच्च प्राथमिक शाळांपासून जो विज्ञान-शिक्षणाचा उपक्रम सुरू झाला, त्याने प्रयोगाला पाठ्यपुस्तकाच्या परिशिष्टातून उचलून मुख्य मजकुरात आणले, आणि परीक्षेत पुस्तक उघडे ठेवण्याची अनुज्ञा देऊन पाठांतराची किंमतच काढून घेतली. पुण्याच्या मोटारींच्या कारखान्यात नोकरीस असलेले अरविंद गुप्ता १९७८ साली रजा घेऊन तेथे गेले, आणि आगकाड्या व सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी ह्यांपासून भूमितीच्या आकृत्या करू लागले : त्रिकोण दाबला तरी तसाच राहतो आणि चौकोन कलंडतो, हे स्थापत्यशास्त्राचे पहिले सूत्र त्या काड्यांत आहे. पुढे जयंत नारळीकरांनी उभारलेल्या पुण्याच्या आयुका ह्या खगोलविज्ञान संस्थेत, पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून झालेल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत, त्यांनी अनेक वर्षे हेच काम केले. पुणे जिल्ह्यातच, पाबळ येथे, डॉ. श्रीनाथ कलबाग ह्यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला, आणि तेथे मुले वेल्डिंगपासून शेतीपर्यंत खरीच कामे करीत शिकू लागली. मला ह्या दोहोंपैकी पाबळचा मार्ग अधिक अवघड आणि अधिक सच्चा वाटतो; खेळण्यात चूक झाली तर खेळणे मोडते, दरवाजाच्या मापात झाली तर दरवाजा लागत नाही.

ह्या शेवटच्या गोष्टीचा प्रत्यय अलीकडेच एका शाळेत आला. मोटारी फिरल्या, फेरे मोजण्याची पैज लागली, चुंबक उलटा ठेवताच मोटार उलटी फिरते हे सर्वांनी ओरडून जाहीर केले, आणि पसारा आवरताना सातवीतील एका मुलीने विचारले, “आमच्या विहिरीवरच्या मोटारीत पण अशी अर्धी खरवडलेली तार असती का?” नसते, असे मी म्हटले, तिच्या फिरत्या भागाला बाहेरून तारच जोडलेली नसते. ह्यावर तिला गप्प बसणे शक्य नव्हते. तिच्या घरची मोटार त्याच उन्हाळ्यात एक फेज गेल्यामुळे गुणगुणून गुणगुणून जळाली होती, आणि वडिलांनी ती तालुक्याला नेऊन पुन्हा भरून आणली होती. तार जोडलेली नसेल तर जळले काय आणि भरले काय? बाहेरच्या स्थिर भागातील वेटोळी, असे उत्तर दिले, तर ती स्थिर असून आतल्याला फिरवितात कशी, हा पुढचा प्रश्न तयारच होता. तीन फेजांतील प्रवाह एकामागून एक भरास येतात, सेकंदाला पन्नास वेळा, आणि त्यामुळे वेटोळी जागच्या जागी असताना त्यांचे चुंबकत्व मात्र गोल फिरते, हे फळ्यावर काढून दाखविता आले असते. मी ते काढले नाही. शाळेचे गुरुजी म्हणाले, मोटार उघडूनच पाहू.

तालुक्याच्या गावी रिवायंडिंगचे दुकान चालविणाऱ्या कारागिराकडे गुरुजी आणि मी त्याच आठवड्यात गेलो. कोपऱ्यात जळक्या मोटारींचा ढीग होता. पाच अश्वशक्तीची एक त्याने पायाने पुढे सरकविली, आणि मुलांना खाचा मोजू द्या, बेअरिंग काढू द्या, हातोडा घालायचा तर घालू द्या, असे सांगितले. सांगाडा परत आणण्याचीही गरज नव्हती. तांबे मात्र सगळे परत हवे होते, आणि ते वजन करून.