सायलेन्सरच्या मिस्त्रींना नवे काम

अमरावती आणि अकोल्यात सायलेन्सर व वेल्डिंगचे काम करणारे कितीतरी कारागीर आपल्या समाजाचे आहेत. त्यांतील काहींची रोजी बुलेटचा आवाज वाढवून देण्यावर चालते. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे गाडीच्या मूळ बनावटीत असा बदल चालत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. या कामात बरकत राहिलेली नाही. मात्र त्याच हुनराला इज्जतीचे दुसरे काम आहे.

विलायतेत 1957 च्या लोटस सेव्हनपासून सुटे भाग आणून घरी मोटार जोडण्याचा शौक वाढला. पुढे अशा मोटारींत हायाबुसासारखी मोटारसायकलची इंजिने बसू लागली. आपल्याकडे इंजिनिअरिंगचे विद्यार्थी कोइम्बतूरच्या फॉर्म्युला भारत स्पर्धेसाठी अशी गाडी स्वतः बनवतात. त्यात 710 सीसीपर्यंतचे पेट्रोल इंजिन चालते. चाकणला बनलेले केटीएम 390 चे 373 सीसी इंजिन यासाठी सोयीचे पडते.

अडचण एक्झॉस्टची येते. मोटारसायकलची नळी इंजिनाच्या पुढून निघून खाली वळते. या गाडीत इंजिनाच्या पुढे ड्रायव्हरची पाठ असते, म्हणून नळी बाजूला वळवून नवीच बनवावी लागते.

तिची लांबी अंदाजाने ठरवून चालत नाही. व्हॉल्व्ह उघडताच धुराचा दाब लाटेसारखा नळीतून धावतो, उघड्या तोंडावरून ओढ बनून परततो आणि पुढचा धूर खेचून काढतो. ही लाट सेकंदाला सुमारे 500 मीटर जाते. 9,000 आरपीएमवर क्रँक 120 अंश फिरायला सव्वादोन मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात लाट जाऊन परत यायची, तर नळी साधारण 55 सेंटिमीटर हवी. चार सिलिंडरच्या इंजिनात चारही नळ्या सारख्या लांबीच्या ठेवाव्या लागतात. केटीएमला सिलिंडर एकच आहे, म्हणून नवशिक्याने तेथून सुरुवात करावी.

माल 304 स्टेनलेसचा घ्यावा. वेल्डिंग आर्गनचे करावे आणि नळीच्या आतूनही आर्गन सोडावा, नाहीतर जोड आतून काळा व खडबडीत होतो. फ्लँज जाड पट्टीवर आवळून मगच टॅक मारावा, म्हणजे तो वाकत नाही. 55 सेंटिमीटर नळी 600 अंश तापली की सुमारे साडेपाच मिलिमीटर वाढते. म्हणून एक जोड सरकता ठेवून स्प्रिंगने धरावा, नाहीतर वेल्ड तडकते. स्पर्धेत आवाजाची मर्यादा 110 डेसिबल आहे, म्हणजे सायलेन्सरही चांगलाच बनवावा लागतो. नळीचे तोंड मागच्या चाकांच्या मध्यरेषेपासून 45 सेंटिमीटरहून मागे आणि जमिनीपासून 60 सेंटिमीटरहून उंच नेता येत नाही.

अमरावती, बडनेरा, बाभूळगाव आणि शेगावला इंजिनिअरिंग कॉलेजे आहेत. तेथील मेकॅनिकल विभागात आपल्या हातचा एक नमुना घेऊन जावे आणि अशी गाडी बनते का ते विचारावे. काम मिळाले तर मापाचा नकाशा लेखी मागावा, निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी आणि पक्के बिल द्यावे. विद्यार्थी दरवर्षी बदलतात, पण चोख काम देणाऱ्या मिस्त्रीचे नाव कॉलेजात राहते. या कामाला रात्री शटर ओढून बसावे लागत नाही आणि पोलिसाची भीतीही नाही. आपल्या मुलांना हे हुनर जरूर शिकवावे.